पाहुण्यांना भाकरी वाढायला लावणारे सर

दिगंबर सरांना मी पहिल्यांदा पाहिलं ते आमच्या चुलीचा फोटो काढताना. सुनेला विचारून काढत होते, पण दारात मी उभी होते. म्हटलं, "चुलीचा कशाला? गॅस हाय की घरात, त्याचा काढा." सर म्हणाले, "आजी, गॅस बघायला कोण येणार?" चूल तरी बघायला कोण येणार, हे मला तेव्हा कळलं नाही. आजही नीट कळलेलं नाही. माझ्याच वयाचे असून ते मला आजी का म्हणतात, तेही नाही. त्यांना पंचाहत्तर वर्षं पूर्ण झाली म्हणून हे पुस्तक निघतंय. शिकलेली माणसं त्यांच्या कामाचं मोल सांगतीलच. मला जे कळलं ते मी लिहिते, आणि नाही कळलं तेही लिहिते.

सर नांदेडला कॉलेजात भूगोल शिकवत. निवृत्त झाल्यावर माणसं घरी बसतात, हे लोह्याच्या पुढं आमच्या गावात येऊन बसले. त्यांचं म्हणणं असं, की नांदेडला देशभरातून लोक गुरुद्वाऱ्यात दर्शनाला येतात आणि दर्शन झालं की परत गाडीत बसतात. त्यांतले थोडे गावाकडं वळले तर गावाच्या हाताला काम मिळेल. एका घरी जेवण, दुसऱ्या घरी मुक्काम, तिसऱ्याकडं घोंगडी विणताना बघायची, मग कंधारचा किल्ला. मी विचारलं, "सगळं माझ्याच घरी का न्हाई?" म्हणाले, "तुम्ही आजारी पडलात तर?" म्हटलं, "मी कशाला पडते?" त्यांनी वाद घातला नाही. आमच्या वाट्याला जेवण आलं.

तेही उगीच नाही. माझा मुलगा वारला होता. सून सुरेखा हिच्या भावानं पुण्यात एका वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात तिला काम बघून ठेवलं होतं. पहिले पाहुणे येऊन गेल्यावर पुन्हा कोणी आलं नाही, तर लेकीला घेऊन जायचं, असं तिनं ठरवलं होतं. हे सरांना ठाऊक होतं. मी तिला अडवलं नसतं, रडलेही नसते. पण आमची म्हैस माझ्या हाताला पान्हवत नाही.

पहिले पाहुणे पंजाबातले, बारा जण. सरांनी चारदा बजावलं होतं, "रोज खाता तेच करा." आता मला सांगा, पाहुण्याला कोणी भाकरी वाढतं? आमच्याकडं व्याह्याच्या ताटात ज्वारीची भाकरी पडली तर तो वर्षभर बोलत नाही. सर शिकलेले आहेत, त्यांना मानपान काय कळणार, असं मी धरून चालले. लोह्याहून आचारी आणला. पनीर, पुऱ्या, गुलाबजाम. चुलीपुढं पडदा लावला.

पाहुणे गोड बोलले, पण ताटात पनीर तसंच राहिलं. एक बाई दुसरीकडं बघून नुसती हसली. सुरेखाचा चेहरा उतरला. मला काही उमजेना. पंजाबातल्या माणसाला पनीर आवडत नाही, हे कसं?

सर पडद्याआड आले. रागावले नाहीत. हळूच म्हणाले, "आजी, तुम्ही स्वतः काय जेवणार?"

"मला आचाऱ्याचं पचत न्हाई. सकाळची भाकरी हाय, आन् ठेचा."

"मलाही वाढा." आणि खालीच बसले.

"सर, काय करायलाव? पाहुणे बघतेत."

"बघू द्या."

शिळी भाकरी खाणारे प्रोफेसर बघायला पाहुणे एकेक करून आत आले. ती हसलेली बाई म्हणाली, "माताजी, ये हमसे क्यों छुपाया?" सुरेखानं मला विचारलंसुद्धा नाही. पडदा ओढून काढला, चूल पेटवली आणि भाकऱ्या थापायला बसली. पीठ संपलं, शेजारून आणलं. मी म्हटलं, "एवढ्या लांबून येऊन भाकरी खाल्ली म्हणून घरी काय सांगतील गं हे?" ती म्हणाली, "तुमी गप बसा, आत्या."

काय सांगितलं देव जाणे. पुढच्या महिन्यात त्या बाईचे नातलग आले. सुरेखानं भावाला नाही म्हणून कळवलं.

पुढं नांदेडचा एक गाडीवाला रोज एक बस भरून माणसं आणतो म्हणाला. सरांनी त्याला चहा पाजून परत पाठवलं. दारात आलेलं गिऱ्हाईक परत पाठवणारा माणूस मी पहिल्यांदाच पाहिला. भांडायला गेले, तर मला विहिरीवर नेलं. म्हणाले, "पाणी किती पायऱ्या खाली गेलंय बघा. बसभर माणसं आंघोळीला बसली तर म्हशीला काय पाजाल?" त्या उन्हाळ्यात शेजारच्या गावात टँकर आला, आमची म्हैस आमच्याच विहिरीचं पाणी प्याली. तरी ती बस आठवली की जीव चुटपुटतो.

पंचाहत्तरीच्या दिवशी सर आमच्याकडं जेवायला येणार आहेत. पोळ्या कराव्यात तर ते परके झाले, भाकरी करावी तर एवढ्या दिवसाचा मान कुठं राहिला? अजून ठरत नाही. सुरेखा म्हणते, दोन्ही करू. सरांना भरपूर आयुष्य लाभो, आणि शंभरीलाही कडक भाकरी चावतील असे दात राहोत. वाढायला मी नसेन. सुरेखा इथंच आहे.