नरसव्वाची बोटं

बायकोला हे ठाऊक नाही. आईला सांगेन सांगेन म्हणत राहिलो आणि ती गेली. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही मला ओळखत नाही — ओळखत असता तर माझी छातीच झाली नसती.

सोलापुरात एका बिडी कारखान्याच्या शाखेत मी चेकर आहे. बायका आमच्याकडून पानं-तंबाखू नेऊन घरी बिड्या वळतात, टोपलीतून आणतात, मी खिडकीमागे बसून तपासतो. सैल, वाकडी, तोंड उघडं राहिलेली बिडी बाजूला काढायची. तिला छाट म्हणतात. छाटेचे पैसे बाईला मिळत नाहीत. चांगल्या बिड्याही मूठभर छाटेत ओढायच्या, ही आमच्याकडची रीत. आणि ही छाट फेकून देतात, असं वाटलं का तुम्हाला? विकतात. मूठभरानं कोण मरतं, असं आम्ही एकमेकांना सांगायचो. मालकाचा बंगला त्या मुठींवर उभा आहे. माझ्या घरावरचा मजलासुद्धा.

गरीब गरीबच का राहतो, यावर लोक टीव्हीवर घसा फोडतात. मला विचारा ना! मी ते रोज माझ्या हातानं करतो.

असो. मी टाळतोय, कळतंय मला.

नरसव्वा आमच्या जुन्या गल्लीतली. माझी आई आणि ती एकाच ओट्यावर, मांडीवर सूप घेऊन बिड्या वळायच्या. छाट जास्त निघाली की आई घरी येऊन आम्हाला बडवायची. लाटणं, फुंकणी, हाताला येईल ते. हे मी माझ्या बाजूनं सांगत नाही. उलट, त्या मुठीची किंमत मला पाठ होती — म्हणून सांगतोय.

त्या दिवशी उन्हानं टाळकं तापलेलं. खिडकीपुढं बायकांची रेटारेटी. नरसव्वाच्या टोपलीतून मी मूठ उचलली, तशी ती सगळ्यांदेखत कडाडली, “नाग्या, काय वाईट हाय रे ह्यात? छाट म्हणून काढतोस आन् तीच इकता की! तुझी आई ह्याच पायी रडायची, इसरलास व्हय?”

नाग्या! बाकी सगळ्या मला साहेब म्हणतात. मागं कुणीतरी फिस्सकन हसलं. नरसव्वानं आपल्या बिड्या परत घ्यायला खिडकीतून हात आत घातला आणि मी वरची लोखंडी झडप खाली ओढली.

हाड वाजलं. “अय्यो!” म्हणून ती किंचाळली.

झडप निसटली, असं मी सांगितलं. इथवर सगळ्यांना माहीत आहे. पुढचं तिच्या-माझ्याशिवाय कुणालाच नाही, रेटारेटीत तिच्या पाठीआड मागच्यांना दिसलं नाही — झडप मी पुन्हा वर उचलली होती. तिची बोटं तिथंच होती, तंबाखूनं पिवळी पडलेली, रक्तानं भिजलेली. तिला ती हलवता येत नव्हती. तिनं माझ्याकडं बघितलं. आणि मी पुन्हा ओढली. अंगातला सगळा जोर लावून. पहिल्या वेळी राग होता म्हणा. दुसऱ्या वेळी काय होतं? मला बरं वाटलं. हो, बरं वाटलं. आतून मोकळं झाल्यासारखं.

दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं तेव्हा नरसव्वा स्वतःच म्हणाली, “झडप निसटली वो.” मी शेजारीच उभा होतो. खरं बोलली असती तर दुसऱ्या दिवसापासून तिच्या घरी पानं आणि तंबाखू मिळायची बंद झाली असती. ते तिला कळत होतं. मलाही कळत होतं, म्हणून तर मी सोबत गेलो. लोक म्हणाले, भला माणूस, स्वतः रिक्षा करून घेऊन गेला. मी नाही म्हणालो नाही.

तिची दोन बोटं आता वळत नाहीत. बिडीचं तोंड मुडपायला तीच तर लागतात. तिची पोरगी पद्मा कॉलेजात जात होती. ती आता सुपाशी बसते.

पद्माच टोपली घेऊन माझ्या खिडकीशी येते. मी तिच्याही बिड्यांतून मूठभर काढतो. अजूनही. ती भांडत नाही. टोपली आत सरकवते आणि दोन्ही हात झटकन पाठीमागे घेते.