कपाटवाल्यांचा अल्बम

शेजारच्याने बायकोला कपाटात कोंडून ठेवलंय, ही बातमी सकाळी मी खाली नेली आणि दुपारी ती जिना चढून माझ्याकडेच परत आली. तोवर तिला हातपाय फुटले होते; बायकोच्या जोडीला सासूही कोंडली गेली होती. आतून येणारा कोंदट आक्रोश मी भिंतीला कान लावून स्वतः ऐकला होता, म्हणजे पुराव्याची कमी नव्हती. संध्याकाळी मी त्यांची बेल वाजवली, तर त्या बायकोनेच दार उघडलं. हातात कणकेचा गोळा.

"कपाटात हेच आहेत," ती म्हणाली. "गाताहेत. रस्त्यावरच्या गाड्या रेकॉर्डिंगमध्ये येतात ना, म्हणून आत रजया लावल्यात. आमचे कपडे आता खुर्च्यांवर."

त्या दिवसापासून मी त्यांचं नाव ठेवलं, कपाटवाले.

माणूस साधा. पत्रे कापायच्या कारखान्यात यंत्रावर उभा. तिथे कानात बोळे घालायचा नियम आहे, पण हे ते खिशात ठेवायचे. "पातं बोथट झालं की त्याचा आवाज बदलतो, तो आधी कानाला कळतो," म्हणायचे. साहेब खूश, कारण पत्रा कधी वाया गेला नाही. सुट्टीच्या दिवशी तिघांचा बँड. गिटार आणि गाणं यांचं, बेस गिटार साडूची, आणि ड्रमवर दणक्या, जो एरवी शाळेची बस चालवतो आणि हॉर्नही तालात वाजवतो.

कपाटात रेकॉर्ड होणाऱ्या अल्बमवर बँडचं सगळं अवलंबून होतं. साडूने स्पष्ट सांगितलं होतं, "साडूभाऊ, वय झालं. हा चालला तर बँड, नाही तर मी मोकळा." दणक्याने नुसती मान हलवली होती, पण साडूच्या बाजूने.

सगळी वाद्यं आणि गळा एकत्र जुळवायचं काम कपाटवाल्यांनी दुसऱ्या कुणाला करू दिलं नाही. आणि त्यांचा एक हट्ट होता: काम पुरं होईपर्यंत कुणी ऐकायचं नाही. साडूनेही नाही, बायकोनेही नाही. स्वयंपाक करणाऱ्याने मीठ सुद्धा दुसऱ्याला चाखू देऊ नये, तसला प्रकार. कानाला हेडफोन लावून महिनोन्महिने बसले. मी चहाला गेलो की म्हणायचे, "अजून जरा बुजल्यासारखं वाटतंय, भाऊ. थाळ्या खुलत नाहीत. थोडं वर घेतो." थाळ्या म्हणजे ड्रमच्या पितळी थाळ्या. रोज असले बारीक आवाज थोडे वर घेत गेले.

पुरं झालं त्याच दिवशी त्यांनी तो अल्बम इंटरनेटवर टाकला आणि मग सगळ्यांना ऐकायला बोलावलं. बिस्किटं होती, मी होतोच.

पहिलं गाणं सुरू झालं आणि माझ्या मागून आलेला आमचा कुत्रा उठून जिन्यात गेला. थाळी वाजली की दातातून सुई गेल्यासारखं होई. गाण्यातला प्रत्येक 'स' फुटक्या नळासारखा फिसकारत होता. त्यांच्या लेकीने उशी कानावर धरली. आणि हे मधोमध बसून हसत होते. "कसं खुललंय ना?"

"अहो, टोचतंय," बायको हळूच म्हणाली.

"रॉक आहे. टोचायलाच हवं."

मी हसलो. साडू हसला नाही. त्याने गाणं थांबवलं. "साडूभाऊ, ती शिट्टी तुम्हाला खरंच ऐकू येत नाही?"

"कसली शिट्टी?"

बायकोने उठून बिस्किटांची ताटली आत नेली.

बाहेरच्यांनी तर कीवही केली नाही. 'चाली चांगल्या आहेत, पण वरून कुणीतरी खिळे सांडलेत,' असं एकाने लिहिलं. बाकीच्यांनी तेवढंही लिहिलं नाही, अर्ध्यातच बंद केलं.

कानाच्या डॉक्टरकडे त्या दोघा नवराबायकोला मीच गाडीने घेऊन गेलो. थांबलो कशाला, विचारू नका, स्वभाव. आत काचेची लहानशी खोली, भिंतींना जाड अस्तर. "पुन्हा कपाटच की," मी म्हणालो. ते हसले. हातात बटण दिलं, आवाज आला की दाबायचं. सुरुवातीला अंगठा भराभर चालला. मग डॉक्टर आवाज पाठवत राहिल्या आणि अंगठा नुसता बटणावर ठेवलेला. काचेतून दिसत होतं, ते किती मन लावून वाट बघताहेत ते. बायकोने माझ्याकडे पाठ केली.

यंत्राच्या गोंगाटाने बारीक, उंच आवाज ऐकू येणं गेलंय. परत येणार नाहीत, डॉक्टर म्हणाल्या.

साडू येऊन बेस घेऊन गेला. जाताना म्हणाला, "मूळ रेकॉर्डिंग द्या. माझ्या ओळखीचा एकजण नीट करून देईल. मग बघू." यांनी दिलं नाही. दणक्याची बस रोज खालून जाते. हॉर्न वाजतो, पण नुसताच.

परवा गेलो तर रजया घडी करून ठेवलेल्या, कपडे पुन्हा कपाटात. हे मोकळ्या झालेल्या खुर्चीत बसलेले.

"अहो, देऊन टाका ना त्या माणसाला," मी म्हटलं.

"आणि त्याने नीट केलं की नाही, ते मला कसं कळणार? बायकोला विचारू? माझंच गाणं कसं झालंय, हे मी आता लोकांना विचारत फिरू?"

मला गप्प राहवलं नाही. "मग सोडून द्या! कानच गेले, आता गाणं कशाला? आमच्यासारखं निवांत बसावं."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. आवाज चढवला नाही.

"तुमचे कान तर शाबूत होते ना, भाऊ? मग त्या दिवशी कपाटात कोण आहे, ते तरी बरोबर ऐकलंत का?"