हरीदादाची पट्टी

“विद्या, आमचे हे गेले गं…” हरीदादाच्या बायकोचा, मालतीवैनींचा फोन आला तेव्हा मी चौसष्ट बिटांच्या नव्या यंत्रासाठी आलेल्या कंपायलरचं खोकं उघडत होते. पहिला विचार काय यावा? आता ‘चालतंय’ म्हणून सांगायचं कुणाला! महिना होऊन गेला, तो विचार हटत नाही.

ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस आम्ही दोघांनी डोंबिवलीत एका गाळ्यात सॉफ्टवेअरचं दुकान थाटलं. हरीदादा ठाण्याच्या कोळीवाड्यातला, माझ्याहून बारा-पंधरा वर्षांनी मोठा. मी नुकती पदवी घेतलेली आणि स्वतःवर भलतीच खूश. पहिलंच मोठं काम एका रंगाच्या कारखान्याचं होतं. त्यांच्या डोंबिवलीच्या प्रयोगशाळेत डॉसचा संगणक, ठाण्याच्या ऑफिसात युनिक्सचा. एकच प्रोग्राम दोन्हीकडे चालायला हवा आणि इथे केलेली रंगाच्या तापमानाची नोंद तिथे वाचता यायला हवी. सोमवारी दाखवा, नाहीतर काम दुसऱ्याला, असं मालकांनी बजावलेलं. तसं झालं असतं तर आमच्या गाळ्याला कुलूपच लागायचं.

शनिवारी सकाळी मी नाचतच सांगितलं, “दादा, चालतंय!”

“कुठे?”

“इथे.”

“मग अर्धंच चालतंय. बस मागे.”

फ्लॉपी जेवणाच्या रिकाम्या डब्यात, स्कूटरला किक, आणि शीळफाट्यावरून थेट ठाणे! तिथे युनिक्सवर प्रोग्राम नव्याने कंपाइल केला, म्हणजे त्या यंत्राच्या भाषेत उतरवला, फाइल उघडली… साठ अंश तापमानाच्या जागी लाखांचे आकडे! माझं तोंड एवढंसं झालं. दादा मात्र म्हणाला, “आधी जेवू,” आणि मला घरी घेऊन गेला.

ओट्यावर त्याची आई जाळं विणत होती. प्रत्येक गाठ बांबूच्या एका छोट्या पट्टीवरून घेत होती. मी विचारलं, ही कशाला? “पोरी, हात सगल्यांचं वेगलं,” ती म्हणाली, “पट्टी येकच. म्हणून भोकं सारखी येतान.”

दादा ताटावरून उठलाच! “अगं, हेच! डॉसचा कंपायलर आकड्याला सोळा बिटांची जागा देतो, युनिक्सचा बत्तीस. आपण माप यंत्राच्या हातात सोडलंय!” रविवारभर बसून आम्ही एक लहानशी फाइल केली. सोळा बिटांच्या आणि बत्तीस बिटांच्या आकड्याला आम्ही ठरवलेली नावं दिली. कुठल्या यंत्रावर त्यांना काय म्हणायचं, ते फक्त तिथेच लिहायचं. फाइलचं नावही ‘पट्टी’! सोमवारी दोन्हीकडे साठचे साठच आले आणि मी भर ऑफिसात किंचाळले. मालकांच्या बशीत चहा सांडला. पुढे बत्तीस बिटांची विंडोज आली, लोक डोकं धरून बसले, आम्ही पट्टीत चार ओळी बदलून दुपारी वडे खायला मोकळे.

शेवटच्या दोन वर्षांत दादाचे हात थरथरायला लागले. बोटं भलतीच बटणं दाबायची. मग त्याने जाळं विणायला घेतलं. मी मनातून हळहळायचे.

गेल्या आठवड्यात नव्या यंत्रावर आमचा प्रोग्राम चालला आणि मी तडक त्याच्या घरी गेले. संगणकाशेजारी खुंटीला अर्धं जाळं तसंच होतं, पट्टी शेवटच्या भोकात अडकलेली. वैनी म्हणाल्या, “पट्टी काढून देऊ का तुला?” मी नको म्हटलं. एकेका भोकातून बोट फिरवत गेले. गाठी वेड्यावाकड्या होत्या, भोकं मात्र पहिल्यापासून शेवटपर्यंत अगदी सारखी. तेव्हा मात्र मला रडू आवरेना.

“चालतंय, दादा,” मी म्हणाले. आणि त्याने विचारायच्या आतच सांगून टाकलं, “सगळीकडे.”