सिहोऱ्याच्या बांदीत सूर्याची लाट

सिहोऱ्याला जायची मला हौस नव्हती. पण शीतल, माझी पोरगी, एकटी यंत्राची पेटी उचलणार कशी? ती विद्यापीठात शिकते. तिचं म्हणणं असं: सूर्याकडून वारा येतो. पृथ्वीभोवती चुंबकाचं कवच आहे. वारा जोरात आदळला का कवच दबतं, अन् तिथल्या विजेनं भारलेल्या विरळ वायूत, प्लाझ्मात, संथ लाटा उठतात. त्यांची थरथर जमिनीवरही पोचते, पण जराशीच. म्हणून गाड्या-तारांपासून दूर जागा पाहिजे. उपग्रहांवरून कळलं होतं, दुपारी वारा आदळणार. ही नोंद हुकली तर तिचा प्रबंध अडकणार.

भंडाऱ्याहून तुमसर, तिथून दुसरी बस. बायकांना अर्धं तिकीट. तुमसरच्या स्टँडवर तर्री-पोहे खाऊन घ्या. कंडक्टर पेटी पाहून म्हणाला, "मावशी, बॉम्ब तं नाही ना?"

"असता तं तुह्या बसले एवढा उशीर करू देला असता का?"

सिहोऱ्याला माझी धाकटी नणंद, शेवंता. तिच्या धान कापलेल्या बांदीत, बांध घातलेल्या वावरात, शीतलनं थरथर मोजायचं यंत्र पुरलं, वायर बांबूला बांधली. मोबाईल, चाव्या, पिना, सगळं दूर ठेवायला लावलं. मग शेवंताकडे लाखोरीच्या डाळीचे वडे खाल्ले. तिकडे गेलात तर हेच मागा. आम्हाला वाढून शेवंता आधीच बांदीवर निघाली.

आम्ही पोचलो तर लॅपटॉपवर यंत्राची रेघ थयथय नाचत होती. शीतल रडकुंडीला आली. मी वर पाहिलं. बांबूला लिंबू-मिरची, अन् खाली धान कापायचा जुना इळा, यंत्राच्या बरोबर वर झोके घेत.

"शेवंता, हे कोनं टांगलं वं?"

"मीनंच, वहिनी. पोरीच्या कामाले नजर नाही लागन का?"

"तुह्या इळ्याचीच लागली ना!"

"आत्या, लोखंड हललं का रेघ हलते," शीतल म्हणाली.

शेवंतानं इळा काढला, पदरात गुंडाळला, अन् पार टोकाच्या धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, जाऊन बसली. हाका मारल्या तरी येईना.

रेघ शांत झाली. आता नुसती वाट पाहायची, अन् मला ते जमत नाही.

"कधी येते तुही लाट?"

"आई, गप बस नं!"

तेवढ्यात रेघ एकदम वर उडाली. मग हळू खाली, हळू वर, झोपलेल्या म्हशीच्या पोटासारखी. शीतलनं मला मिठीच मारली.

मी धुऱ्यावर गेले. शेवंता इळा मांडीत धरून होती. "बिघडलं का सारं, वहिनी?"

"वाचलं. तू एवढ्या दूर बसली म्हून दिसलं." मातीत बोटानं लाट काढून दाखवली.

ती निरखून पाहत म्हणाली, "मंग नजर उतरली म्हना."

भांडायला वेळ नव्हता, बस गाठायची होती.

शीतलचं काम पुढे सरकलं. मी अंगणात पापड वाळत घालताना आता वर पाहते. दिसत काहीच नाही. पण म्हशीचं पोट आठवतं, अन् पोरीची रेघ हलू नये म्हणून इळा गुंडाळून दूर बसलेली शेवंता.