दीडाचं निम्मं

निजामाच्या अमलात मी लिंबागणेशजवळच्या एका खेड्यात मास्तर होतो. पोरं पावकी, निमकी, पाऊणकीचे पाढे घडाघडा म्हणायची. पण पाव म्हणजे नेमकं किती, ते एकालाही दाखवता यायचं नाही. चुकलं की हेडमास्तर छडी काढायचे. मीही लहानपणी तसाच मार खाऊन सगळं पाठ केलं होतं, आणि स्वतः मास्तर होईपर्यंत मला त्यातलं काही कळलं नव्हतं.

एका सकाळी मी कडब्याची पेंढी घेऊन वर्गात गेलो. ज्वारीची ताटं सारख्या लांबीची तोडली. मधोमध मोडलं की निम्मं, निम्मं मोडलं की पाव. पोरं जमिनीवर फतकल मारून मोडत बसली, आपसात भांडू लागली. तरीही ज्यांना उमगेना त्यांना दोरीला गाठी मारून दिल्या. वर्गात असा कलकलाट मी पहिल्यांदाच ऐकत होतो.

पंधरा दिवसांनी तपासणीला साहेब आले. दारातूनच त्यांनी उर्दूत विचारलं, की हा मदरसा आहे की गोठा. पोरांकडून कचरा उचलून घ्या, असं हेडमास्तरांना फर्मावलं. हेडमास्तर लगबगीनं पुढं झाले. मी आडवा उभा राहिलो.

"आधी पोरांना विचारा, साहेब," मी म्हणालो, "मग हवं तर मला बाहेर काढा."

साहेबांनी मुद्दामच सगळ्यात मागं बसलेल्या धनगराच्या पोराला उभं केलं. त्याला एकही पाढा कधी धड आला नव्हता. सगळ्यात जास्त छड्या त्यानंच खाल्ल्या होत्या. दीडाचं निम्मं किती, असं त्याला विचारलं. पोरानं एक अख्खं ताट आणि एक अर्धं उचललं, मोडून त्यांचे सहा पाव केले आणि तीन-तीन वेगळे ठेवले.

"तीन तुमचे, तीन माजे," तो म्हणाला. "पाऊण हाय."

उत्तर बरोबर आहे, एवढं साहेब बोलले आणि घोड्यावर बसून निघून गेले.

महिन्याभरात साहेबांच्या कचेरीतून कागद आला. माफीनामा लिहून द्यावा आणि यापुढं फक्त पाठांतर घ्यावं. सही करून टाका, असं हेडमास्तरांनी परोपरीनं समजावलं. घरात दोन लहान लेकरं होती, मलाही भीती वाटत होती. तरी त्याच कागदाच्या पाठीवर मी उर्दूत लिहिलं, की पोरांना समजलं याची माफी मी मागणार नाही.

माझी बदली परळीच्या पलीकडं, डोंगरातल्या एका गावी झाली. शाळेला छप्परही नव्हतं. पहिल्याच दिवशी मी पोरांना बारवेवर नेलं आणि पायऱ्यांवर चढत-उतरत बेरीज-वजाबाकी घेऊ लागलो. गावचे पाटील वर काठावर येऊन उभे राहिले.

"मास्तर, आज साळा का म्हून सोडली?" त्यांनी विचारलं.

मी म्हणालो, "सोडली न्हाई, पाटील. भरलीय. खाली या."

ते खरंच दोन पायऱ्या उतरले.