सात सेकंद मागे

बाईंचं वय एकोणपन्नास. ऑफिसात त्यांना सगळे 'बाई'च म्हणत, कारण इथे येण्याआधी त्यांनी अकरा वर्षं एका शाळेत चित्रकला शिकवली होती. पहिल्याच आठवड्यात कुणाच्या तरी तोंडून 'बाई' निघून गेलं आणि ते कायमचं चिकटलं. शाळेने चित्रकलेचे तास बंद केले तेव्हा त्यांनी सहा महिन्यांचा कोर्स केला आणि मोबाइल-टॅबच्या पडद्यावर काय कुठे दिसावं हे ठरवण्याच्या कामाला लागल्या. त्यालाही आता आठ वर्षं झाली होती. घरी नवरा आणि नवऱ्याची थोरली बहीण, आक्का. आक्कांना बाईंच्या कामाचा थांग कधीच लागला नाही.

"अगं, पण दिवसभर तू करतेस तरी काय?"

"बटणं काढते, आक्का."

"शर्टाची?"

"पडद्यावरची."

"पडद्याला कशाला गं बटणं? कड्या असतात ना त्याला!"

पूर्वी बाई यावर पोट धरून हसायच्या. हल्ली हसायचंही जिवावर यायचं.

गेलं वर्षभर त्यांच्या मागे एकच काम लागलं होतं. वर्गात शिक्षक बोलत असताना टॅबवर पेनाने टिपणं काढायची. टॅब त्याच वेळी आवाज मुद्रित करत राहणार. नंतर आपल्याच अक्षरातल्या एखाद्या शब्दावर बोट ठेवलं, की तो शब्द लिहिताना वर्गात जे बोललं गेलं होतं ते ऐकू येणार. सांगायला एवढंसं, पण करता करता वर्ष उलटलं. पहिल्या पानाचं चित्र बाईंनी चौदा वेळा बदललं होतं. साहेब त्यांच्यापेक्षा सतरा वर्षांनी लहान, पण साहेब तो साहेबच. दर सोमवारी त्याला नवं काहीतरी सुचायचं. आवाजाच्या लाटा दिसू देत. नको, लाटा काढून टाका. लाटा राहू देत, पण निळ्या करा. बाई मान डोलवायच्या, निळ्या करायच्या. सायंकाळी बसमध्ये डोळे मिटले तरी मिटलेल्या पापण्यांमागे निळ्या लाटा हलत असायच्या.

शेवटी एका नर्सिंग शाळेत चाचणी ठरली. अठ्ठावीस विद्यार्थिनी, अठ्ठावीस टॅब. दुसऱ्याच आठवड्यात तक्रारी आल्या, आणि सगळ्यांचा सूर एकच: "शब्दावर दाबलं की भलतंच वाजतं."

प्रोग्राम लिहिणाऱ्या माणसाला ऑफिसात 'काटेकोर' म्हणत. डबासुद्धा तो घड्याळ बघून उघडायचा. त्याने सगळं तपासलं आणि जाहीर केलं, "वेळ बरोबर आहे. पेन टेकलं तो क्षण आणि आवाजाचा क्षण, सेकंदाच्या हजाराव्या भागापर्यंत जुळतात. मुली चुकीच्या ठिकाणी दाबत असतील."

"अठ्ठावीसातल्या सत्तावीस?"

"शब्द छोटे दिसत असतील. तुम्ही दाबायची जागा मोठी करा."

बाईंनी जागा मोठी केली. तक्रारी तशाच. मग साहेबाच्या सांगण्यावरून रंग गडद केला, मग बोट कुठे ठेवायचं ते दाखवणारा बाण काढला. तीन आठवडे असेच गेले. एक दिवस बाई जेवायच्या सुट्टीत टेबलावर डोकं ठेवून बसल्या त्या पंचवीस मिनिटं तशाच. डबा उघडलाच नाही. मग उठल्या, तोंड धुतलं आणि साहेबाला म्हणाल्या, "मी त्या शाळेत जाऊन बसते. इथे बसून बाण काढायचा मला कंटाळा आलाय."

वर्गात त्या मागच्या बाकावर बसल्या. खिडकीजवळ हाडांचा सापळा उभा, त्याच्या खांद्यावर कुणीतरी आपली ओढणी टाकलेली. शिकवणाऱ्या मॅडम जखम धुण्याबद्दल सांगत होत्या. बाईंना त्यातलं काही कळत नव्हतं, म्हणून असेल, त्या टॅबकडे न बघता मुलींच्या हातांकडे बघत राहिल्या. चित्रकलेच्या तासाला अकरा वर्षं त्यांनी हेच केलं होतं.

मॅडम वाक्य बोलायच्या. मुली मान वर करून ऐकायच्या. वाक्य संपलं की माना खाली जायच्या आणि पेनं चालायला लागायची. तोवर मॅडम पुढच्या वाक्यावर गेलेल्या असायच्या.

बाई ताठ बसल्या. हात कानाच्या मागून येत होता! माणूस आधी ऐकतो, मग लिहितो. मुली 'कापूस' लिहीत होत्या तेव्हा वर्गात कापसाचं बोलणं संपून पट्टीचं सुरू झालं होतं. टॅब इमानदारीने पट्टी वाजवत होता. काटेकोरचं घड्याळ एका सेकंदानेही चुकलं नव्हतं आणि तरी सगळं चुकलेलं होतं.

काटेकोरला हे सांगून पटलं नसतं. म्हणून पुढच्या सोमवारच्या बैठकीत बाईंनी त्याच्या हातात टॅब दिला. "साहेब बोलतील ते लिहा."

साहेब पाऊण तास बोलला. काटेकोरने निमूटपणे टिपणं काढली. मग बाई म्हणाल्या, "आता 'मुदत' या शब्दावर दाबा."

त्याने दाबलं. टॅबमधून साहेबाचा आवाज आला: "आणि तो पंखा कुणीतरी दुरुस्त करून घ्या."

काटेकोरने आणखी दोन शब्द दाबून पाहिले. कान लाल झाले त्याचे. "मी नऊ सेकंद उशिरा लिहितो," तो पुटपुटला, जणू कुणीतरी त्याला चोरी करताना पकडलं होतं.

पुढचा आठवडाभर बाई वर्गात बसून मोजत राहिल्या. कुणी चार सेकंद मागे, कुणी अकरा. सरासरी सातच्या आसपास आली. ठरलं: शब्दावर दाबलं की आवाज सात सेकंद आधीपासून सुरू व्हायचा. तक्रारी थांबल्या. साहेबाने पेढे वाटावेत तशा थाटात सगळ्यांना अभिनंदनाचा मेल पाठवला. बाईंना वाटलं, सुटलो एकदाचे.

शेवटची भेट म्हणून त्या पुन्हा शाळेत गेल्या. वर्ग सुटल्यावर कोपऱ्यातल्या बाकावर एकच विद्यार्थिनी मागे राहिली होती. वय एक्कावन्न. एकोणीस वर्षं इस्पितळात आयाचं काम करून आता नर्स व्हायला आलेली. वर्गातल्या मुली तिला मावशी म्हणायच्या. तिची एकही तक्रार आजवर आली नव्हती.

"मावशी, तुमचं कसं चाललंय? बरोबर वाजतं ना?"

"छान आहे मॅडम. काही त्रास नाही."

बोलता बोलता बाईंनी तिच्या टॅबकडे पाहिलं. पूर्ण पानावर पाच-सहा शब्द. "दाबून दाखवता?"

मावशीने संकोचत 'ताप' वर बोट ठेवलं. तापाबद्दलच्या बोलण्याचं अर्धवट शेपूट वाजलं आणि पुढचा विषय सुरू झाला.

"हे तर बरोबर नाही!"

"नाही नाही, तुमचं बरोबरच असणार. माझाच हात जड आहे," मावशी घाईघाईने म्हणाली. "मला एकदम ऐकायला आणि लिहायला जमत नाही. मी आधी सगळं ऐकून घेते. मॅडमचं सांगून झालं, की मग आठवण राहावी म्हणून एखादा शब्द लिहिते. मला वाटलं, माझंच चुकतं."

"मग घरी अभ्यास कसा करता?"

"पहिल्यापासून लावते. भांडी घासताना एक तास होतो, कपड्यांना दुसरा. बिघडत नाही काही."

 मावशीसारख्यांचा वेळ वाचावा म्हणून वर्षभर बाईंनी डोळे फोडले होते, आणि ही रोज अख्खा वर्ग दुसऱ्यांदा ऐकत होती, वर दोष स्वतःच्या माथी घेऊन. सरासरी काढताना बाईंनी मावशीचा हातही मोजला होता. चाळीस सेकंद. आकडा फारच वेगळा दिसला म्हणून त्यांनी तो स्वतःच बाजूला ठेवला होता. आता ते आठवलं आणि त्यांना त्या बाकावर बसवेना.

परत आल्यावर त्यांनी नवं चित्र काढलं. शब्दाशेजारी एक छोटं बटण, 'मागे'. दाबलं की आवाज एक वाक्य मागे जाणार, पुन्हा दाबलं की आणखी एक. आणि कोण किती वेळा मागे जातं हे टॅबने लक्षात ठेवायचं, म्हणजे हळूहळू त्या माणसाच्या हाताप्रमाणे तो आपणहून तेवढा मागून सुरू होईल.

साहेबाने चित्र पाहिलं आणि घड्याळ पाहिलं. "बाई, ॲप बाहेर पडायला पंधरा दिवस राहिलेत. एका माणसासाठी?"

"अठ्ठावीसात एक. अठ्ठावीस हजारांत किती होतील?"

"पुढच्या आवृत्तीत बघू."

पुढच्या आवृत्तीत बघू म्हणजे काय, हे आठ वर्षांत बाईंना पाठ झालं होतं. भांडायला हवं होतं. पण भांडायला लागणारं जे काही असतं ते आतून सापडेना. त्या एवढंच म्हणाल्या, "मग साहेब, तुम्हीच शाळेत जाऊन तिला सांगा, की तुझ्या हाताप्रमाणे आम्ही करणार नाही. मला नाही जमायचं ते."

 मग काटेकोरने घसा खाकरला. "बटण दोन दिवसांचं काम आहे. बोलताना माणूस थांबतो तिथे वाक्य तोडता येतं. लक्षात ठेवण्याचं मी माझ्या दोन शनिवारांत करतो."

"तुला कोण सांगतंय शनिवारी यायला?" साहेब चिडला.

"नऊ सेकंद," काटेकोर म्हणाला. "मीही सातात बसत नाही."

साहेबाने हात झटकले. त्याचा अर्थ हो असा घ्यायचा, हेही बाईंना पाठ होतं.

ॲप ठरल्या दिवशी बाहेर पडलं. काही मोठा गाजावाजा झाला नाही, पण लोक वापरत राहिले. एका कार्यक्रमात साहेबाने 'मागे'च्या बटणाची गोष्ट सांगितली, "आमच्या टीमला हे सुचलं," असं म्हणून. बाई तिसऱ्या रांगेत बसून टाळ्या वाजवत होत्या. राग यायला हवा होता, पण रागालाही ताकद लागते. मावशी पहिल्या वर्षी औषधांच्या पेपरात नापास झाली, फेरपरीक्षेत सुटली. बाईंना तिने फोन करून सांगितलं ते भांड्यांबद्दल: "आता भांडी घासताना गाणी लावते."

त्या फोननंतर महिन्याभराने बाईंनी साहेबाकडे आठवड्यातून चारच दिवस काम मागितलं. त्याला वाटलं कुठे दुसरीकडे चालल्या, म्हणून त्याने भरभर कारणं विचारली. "थकलेय," बाई म्हणाल्या, आणि हे एकाच शब्दात सांगता आलं याचं त्यांनाच नवल वाटलं.

पहिल्या मोकळ्या बुधवारी नवरा कामावर गेल्यावर त्या पुन्हा अंथरुणावर पडल्या. अकराच्या सुमारास ऑफिसातून फोन आला तो आक्कांनी घेतला. बाईंना अर्धवट झोपेत दारापलीकडचा त्यांचा आवाज ऐकू आला.

"नाही, उठवणार नाही. काय ते उद्या. निजलीये ती."

बाई कूस बदलून पुन्हा झोपल्या.