तापणाऱ्या जीपची किल्ली

मी भित्री आहे, हे आधीच सांगून टाकते. गॅस बंद केला की नाही हे तीनदा बघते, लिफ्टमध्ये एकटी चढत नाही, फोन अवेळी वाजला की आधी देवाचं नाव घेते आणि मग हॅलो म्हणते. त्यामुळे गेल्या एप्रिलमध्ये लालबागच्या पुलावर आमच्या जुन्या जीपच्या तापमानाचा काटा तांबड्या पट्ट्याकडे सरकायला लागला, तेव्हा तो मला लगेच दिसला यात नवल नाही. गाडी बाबा चालवत होते. त्यांना तो दिसलाच नव्हता. माझी खरी भीती ती होती.

बाबा पंचाहत्तरीचे. तरुणपणी गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर, होते. गिरणी बंद पडली तेव्हा त्यांनी ही जीप जुनीच विकत घेतली आणि तिच्यावर आमचं घर चालवलं. मंडपाचं सामान, लग्नाची भांडी, गावी जाणारी माणसं, जे मिळेल ते वाहिलं. धंदा बंद करून खूप वर्षं झाली, पण दर मे महिन्यात वर्षाचा मसाला, आई आणि मी, सगळ्यांना जीपमध्ये घालून ते स्वतः घाट उतरून गावी नेत.

त्या वर्षी आईने मला बाजूला घेऊन सांगितलं होतं, "गावाक जायच्या आधी त्यांच्याकडसून किल्ली काढून घे."

कारण बाबा विसरायला लागले होते. एकदा दाढी करून उठले आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा साबण लावून आरशासमोर बसले. एकदा मला म्हणाले, काकांना फोन लाव. काकांना जाऊन चार वर्षं झाली होती. अशा गोष्टी मी मोबाइलमध्ये लिहून ठेवत होते, चोरून, आणि लिहिताना स्वतःचीच लाज वाटत होती. पण घाटातल्या एखाद्या वळणावर ते ब्रेक कुठला हेच विसरले तर? या एका विचाराने माझी झोप उडाली होती. आणि किल्ली मागायचाही धीर होत नव्हता. काळ्या दोऱ्यात ओवलेली ती किल्ली त्यांच्या सदऱ्याच्या खिशात असायची. ती काढून घेतली तर बाबांकडे उरणार काय, हेही मला कळत होतं.

"बाबा, काटा," मी शेवटी म्हटलं. पूल उतरून त्यांनी गाडी कडेला घेतली. बॉनेटच्या फटीतून वाफ येत होती. बाबा खाली उतरले, बॉनेट उघडलं आणि उघड्या हाताने रेडिएटरचं झाकण फिरवायला गेले.

मी किंचाळले. धावत जाऊन त्यांचं मनगट धरलं. गरम रेडिएटरचं झाकण उघडलं तर उकळतं पाणी तोंडावर येतं, हे मला सहाव्या वर्षी याच माणसाने शिकवलं होतं, दम देऊन. बाबांनी स्वतःच्या हाताकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "व्हय गो," इतकंच म्हणाले. इंजिन निवेपर्यंत आम्ही फुटपाथवर बसून राहिलो.

मग पाणी भरून, थांबत थांबत, जीप कॉटन ग्रीनला आमच्या नेहमीच्या मेकॅनिककडे नेली. त्याचं गॅरेज गोदामांच्या रांगेत आहे. माणूस कमी बोलतो आणि काम नीट करतो. "बघतो, ठेवून जा," म्हणाला. चार दिवस त्याने बघितलं. पंख्याचा पट्टा ताठ होता. पाण्याचा पंप गळत नव्हता. पाणी तापलं की वाट मोकळी करणारी झडप असते, थर्मोस्टॅट. तो काढून त्याने चहाच्या पातेल्यात उकळून पाहिला, बरोबर उघडत होता. रेडिएटर आतून धुतला. थंड इंजिन झाकण काढून चालू केलं आणि पाण्यात बुडबुडे येतात का ते पाहिलं, आले नाहीत. तरी शिवडीपर्यंत चक्कर मारून आला की काटा तांबड्यात.

"मॅडम, आता इंजिनाचं वरचं हेड उतरवून बघावं लागेल," तो फोनवर म्हणाला. "काकांना सांगा, मे महिन्यात गावाला जायचं विसरा."

खोटं कशाला बोलू, मला हायसं वाटलं. गाडीच बंद पडली तर किल्ली मागायलाच नको. मी शनिवारी बाबांना घेऊन गॅरेजमध्ये गेले, जीपची अवस्था ऐकून ते स्वतःहून गावाला जायला नको म्हणतील या आशेने.

बाबांनी मेकॅनिकचं सगळं म्हणणं शांतपणे ऐकून घेतलं. मग एकच विचारलं, "हवा बघितलंस?"

"फॅन फिरतोय की काका."

"फॅन फिरता, पण हवा येता काय? पेपर हाड."

मेकॅनिकने वर्तमानपत्राचं पान आणलं. इंजिन चालू केलं. बाबांनी ते पान समोरच्या जाळीवर धरलं आणि सोडलं. आतला पंखा हवा ओढत असेल तर कागद जाळीला चिकटून राहायला हवा. तो सरळ खाली पडला. बाबांनी पुन्हा धरला, पुन्हा पडला. "आत हवाच जाणा नाय," ते म्हणाले. त्यांचा चेहरा इतका तरतरीत मी कितीतरी महिन्यांत पाहिला नव्हता. मला वाटलं, मीच वेडी, उगाच याद्या लिहीत बसले.

गावच्या रस्त्यावरचे खडे लागू नयेत म्हणून बाबांनी कधीकाळी पुढे बारीक जाळी बसवून घेतली होती. तिच्यातून आतलं सगळं तपकिरीच दिसायचं, त्यामुळे मेकॅनिकनेही ती काढून पाहिली नव्हती. मेकॅनिकने स्क्रू काढले, जाळी बाजूला केली आणि तो जोरात शिंकला. मग मी शिंकले. मग बाबा.

रेडिएटरच्या तोंडावर एक कापड ताणून बांधलं होतं. चारी कोपऱ्यांना दोरे, मधे कुठे सुरकुती नाही. मिरचीच्या भुकटीने ते इतकं भरलं होतं की कातड्यासारखं ताठ झालं होतं. आमची जीप चाळीखाली उभी असते ती मिरच्या कुटणाऱ्या डंकांसमोर. मार्चपासून तिथली हवाच तिखट. कोणीतरी विचार केला होता की हे तिखट इंजिनात जाऊ नये, आणि मसाल्याच्या बरणीला दादरा बांधतात तसा रेडिएटरला दादरा बांधून टाकला होता. आई महिनाभर दादऱ्यांसाठी धुऊन ठेवलेला मलमलचा तुकडा शोधत होती. शेजारणीवर संशय घेऊन झाला होता.

"ह्या कोणी बांधल्यान?" बाबा कडाडले. "खयच्या गाढवाक इतक्या कळणा नाय? इंजिनाचो श्वास कोंडल्यान!"

मी दोऱ्यांच्या गाठी पाहत होते. साच्यावर तुटलेला धागा जोडायची एक गाठ असते, बारीक, चपटी, चिमटीत क्षणात बसणारी. आमच्या घरातली पिशवी, पडदा, सदऱ्याचं लोंबणारं बटण, सगळं त्याच गाठीचं. ती गाठ घरात एकाच माणसाला येते. मेकॅनिकने माझ्याकडे पाहिलं. त्यालाही कळलं असावं.

"मी बांधलं बाबा," मी म्हटलं.

मग मला जे काही ऐकावं लागलं ते मी मान खाली घालून ऐकलं. ऑफिसात एवढी माणसं हाताखाली आणि अक्कल कुठे गहाण ठेवलीस, वगैरे. बोलता बोलता त्यांनी कापड हातात घेतलं, एका कोपऱ्याची गाठ चिमटीत धरली आणि त्यांचा आवाज एकदम मऊ झाला.

"गाठ मात्र बरी मारलंस गो. लहानपणी कधी जमली नाय तुका." त्यांनी दोऱ्याची दोन टोकं माझ्या हातात दिली. "मार बघू पुन्हा."

मला ती येत नव्हती. अजूनही येत नाही. मी टोकं एकमेकांवर घेतली, बोट घातलं, सुटली. पुन्हा घेतली. बाबा कौतुकाने वाट बघत होते. परीक्षेला बसल्यासारखी मी तो दोरा नुसता चाळवत राहिले.

"अशी नाय," म्हणत त्यांनी टोकं माझ्याकडून काढून घेतली. बोटं एकदाच हलली. गाठ बसली.

त्यांनी ती नवी गाठ पाहिली. मग कापडाच्या कोपऱ्यावरची जुनी. बराच वेळ ते दोन्हीकडे आळीपाळीने पाहत राहिले.

मेकॅनिकने पाण्याचा फवारा मारून रेडिएटर बाहेरून धुतला, लाल पाणी गटारापर्यंत वाहत गेलं. मग त्याने जाळी परत बसवली. इंजिन चालू केलं. कागद धरला, तो जाळीला घट्ट चिकटला. अर्ध्या तासानेही काटा मधोमध. नेहमीच्या सवयीने त्याने किल्ली बाबांच्या हातात दिली.

बाबांनी ती खिशात टाकली नाही. "मी आणखी काय काय विसारलंय गो?" त्यांनी मला विचारलं.

मोबाइलमध्ये अख्खी यादी होती. "काही नाही," मी म्हटलं.

त्यांनी मान हलवली. किल्ली माझ्या तळहातावर ठेवली, गाडीला वळसा घालून डाव्या बाजूला गेले आणि आत बसले. आईने सांगितलेलं काम झालं होतं, आणि आयुष्यात इतकी भीती मला कधीच वाटली नव्हती.

मी चालवत होते. बाबा वाकून काट्याकडे बघत होते. "मधे हा गो काटा," ते म्हणाले. शिवडीच्या सिग्नलला पुन्हा म्हणाले. परळला पुन्हा. लालबागला पोचेपर्यंत ते तेच सांगत राहिले, आणि दर वेळी पहिल्यांदाच ऐकल्यासारखं मी "हो बाबा" म्हटलं.